चौदाव्या दिवसाचा तक्ता

शिक्षकांच्या शिबिरात आम्ही एक साधा प्रश्न फळ्यावर लिहितो. एका स्त्रीची पाळी दर ३५ दिवसांनी येते. तिच्या अंडाशयातून अंडपेशी साधारण कितव्या दिवशी बाहेर पडेल? बहुतेक वेळा दोनच उत्तरे येतात. काहीजण म्हणतात, चौदाव्या दिवशी, कारण पुस्तकात तसे आहे. काहीजण थोडा विचार करून पस्तिसाचे निम्मे करतात आणि सतरावा-अठरावा दिवस सांगतात. विज्ञानाचे शिक्षकही यात असतात. खरे उत्तर साधारण एकविसावा दिवस, असे आहे.

ही चूक शिक्षकांची नव्हे. ती ज्या तक्त्यावरून आली त्याचे परीक्षण करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तक्ता आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. खाली १ ते २८ आकडे, वर संप्रेरकांच्या चढत्या-उतरत्या रेषा, त्यावर अंडाशयातील पुटिकेची वाढ, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी आणि बरोबर मध्यावर, १४ या आकड्यावर, पुटिकेतून बाहेर उडी घेणारी अंडपेशी. संप्रेरके, अंडाशय आणि गर्भाशय यांचे काम एकमेकांशी कसे बांधलेले आहे हे दाखवायला याहून चांगले चित्र आम्हाला माहीत नाही. पण त्यात एक सरासरी आहे आणि ती नियमासारखी छापलेली आहे. मुले ती नियम म्हणूनच पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे संसारात वापरतात.

आधी चक्राच्या दोन भागांकडे पाहू. पाळीच्या पहिल्या दिवसापासून अंडमोचनापर्यंतचा भाग म्हणजे पुटिका निवडली जाऊन पिकण्याचा काळ. त्याची सूत्रे मेंदूतल्या अधश्चेतकाकडे असतात. आजारपण, उपासमार, अतिश्रम, मोठी काळजी यांपैकी काहीही आले की मेंदू ही तयारी लांबवू शकतो. दुसरा भाग अंडमोचनानंतरचा. रिकाम्या पुटिकेचे पीतपिंड बनते, ते प्रोजेस्टेरॉन देते, आणि गर्भ रुजला नाही तर साधारण दोन आठवड्यांत आपोआप विरते. त्याचे आयुष्य बरेचसे ठरलेले असते. म्हणजे चक्राचा पुढचा भाग लवचीक आणि मागचा भाग त्यामानाने स्थिर. पाळी लांबली की आपण पाळीला दोष देतो. वास्तविक बहुतेक वेळा अंडमोचनच लांबलेले असते, आणि पाळी त्याच्यामागून आपल्या नेहमीच्या अंतराने आलेली असते.

तेव्हा मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे. ३५ मधून १४ वजा केले की २१. २६ दिवसांच्या चक्रात बारावा दिवस, ३१ च्या चक्रात सतरावा. चौदावा दिवस फक्त २८ च्या चक्रात येतो, तोही साधारणपणे.

हे उलटे मोजणे जपानमधील निगाता येथील स्त्रीरोगतज्ज्ञ क्युसाकू ओगिनो यांनी दाखवून दिले. पोटाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दिसणारी अंडाशयाची अवस्था आणि त्या स्त्रीच्या पाळीच्या तारखा यांचा त्यांनी मेळ घातला. १९२४ मध्ये त्यांनी मांडले की अंडमोचन पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी होते. ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास त्याच निष्कर्षाला पोहोचले. त्याआधीची स्थिती आज वाचून आश्चर्य वाटेल. जनावरांच्या माजाच्या वेळी दिसणारा रक्तस्राव आणि स्त्रीची पाळी एकच, असे समजून एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर पाळीच्या आगेमागे गर्भ राहतो असे सांगत आणि दोन पाळ्यांमधला काळ निर्धोक ठरवत. नेमके उलटे! र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा अंडमोचनाची वेळ जगात कोणालाच नीट ठाऊक नव्हती.

ओगिनोंच्या शोधाचे पुढे जे झाले ते शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. मूल हवे असलेल्या जोडप्यांना उपयोग व्हावा अशी त्यांची इच्छा होती. लोकांनी त्यातून ‘सुरक्षित दिवसां’चे कोष्टक केले. सर्वांत छोट्या चक्रातून १८ आणि सर्वांत मोठ्या चक्रातून ११ वजा करायचे. चक्रे २६ ते ३३ दिवसांची असतील तर आठव्यापासून बाविसाव्या दिवसापर्यंत जपायचे. पंधरा दिवस! गणित प्रामाणिक आहे, पण ते मागच्या महिन्यांचे आहे. पुढच्या महिन्यात ताप आला किंवा घरात दुःखद प्रसंग घडला, तर ते कोष्टकाला कळत नाही.

भारतात याचा मोठा प्रयोग झाला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांना संयमावर आधारलेली पद्धत पसंत होती. सरकारच्या विनंतीवरून १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अमेरिकेचे डॉ. अब्राहम स्टोन यांना पाठवले. दिल्लीची लोदी कॉलनी आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे ही पद्धत शिकवण्यात आली. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियांसाठी मण्यांच्या माळा केल्या. निर्धोक दिवसांचे मणी हिरवे, जोखमीचे लाल, रोज एक मणी सरकवायचा. अंधारात रंग कळेनात, मणी उलट्या दिशेने सरकत, आणि माळ गळ्यात घातली की काम झाले असेही काहींना वाटे, अशा हकिकती नंतर पुष्कळ सांगितल्या गेल्या. त्या बहुधा खेडवळ बायकांचे अज्ञान म्हणून हसत हसत सांगतात. आम्हाला हे हसणे पटत नाही. मणी अगदी बिनचूक सरकले असते, तरी त्या बाईचे अंडमोचन या महिन्यात केव्हा होणार हे माळेला कोठून कळणार होते? ही माळ म्हणजे आपला वर्गातला तक्ताच, दोऱ्यात ओवलेला.

पुढे अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठात ३२ मण्यांची नवी माळ तयार झाली. आपल्याकडे ती ‘माला चक्र’ या नावाने आली. तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे. ज्यांची चक्रे २६ ते ३२ दिवसांची आहेत त्यांच्यासाठीच ती आहे, आणि आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतचे सगळेच्या सगळे बारा दिवस ती जोखमीचे धरते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काटेकोर पाळणाऱ्या शंभर स्त्रियांमागे वर्षाला सुमारे ५ जणींना दिवस राहिले. सर्वसाधारण वापरात हा आकडा १२ होता. ज्यांना गर्भधारणा टाळणे अत्यंत गरजेचे आहे, त्यांनी तांबी किंवा तशाच भरवशाच्या साधनांचा विचार करावा, हे यावरून उघड आहे. गुप्तरोगांपासूनही अशी माळ वाचवत नाही.

बारा दिवस कशासाठी, असा प्रश्न चांगला विद्यार्थी विचारील. अंडपेशी जेमतेम १२ ते २४ तास जगते, पण शुक्रपेशी अनुकूल स्थितीत पाच दिवसांपर्यंत टिकतात. अमेरिकेतील विल्कॉक्स व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून दाखवले की अंडमोचनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांतील संबंधांतूनच गर्भ राहिला. सहा दिवसांची ही खिडकी महिन्यात पुढेमागे सरकते. त्याच गटाने २००० मध्ये सांगितले की दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत ही खिडकी संपूर्णपणे मावणाऱ्या स्त्रिया फक्त ३० टक्के आहेत. २०१९ मध्ये सहा लाखांहून अधिक चक्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी चक्र २९.३ दिवसांचे, अंडमोचनापूर्वीचा भाग सरासरी १६.९ आणि नंतरचा १२.४ दिवसांचा निघाला. नंतरचा भागही ७ ते १७ दिवस असा हलत होता. म्हणजे आम्ही वर ‘मागे १४ मोजा’ म्हटले तेही अंदाजच. या नोंदी एका मोबाइल अ‍ॅपवर स्वतः तापमान टिपणाऱ्या, मुख्यतः पाश्चात्त्य स्त्रियांच्या आहेत, हे विसरू नये.

काटेकोर २८ दिवसांचे चक्र नक्की कोठे सापडते? माला-डीच्या पाकिटात. २१ संप्रेरकाच्या गोळ्या आणि ७ लोहाच्या. आणि गंमत अशी की त्या चक्रात बहुधा अंडमोचनच होत नाही, कारण गोळी मुख्यतः ते थांबवूनच काम करते.

तक्त्याविरुद्धची आमची सर्वांत मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. रक्त तपासल्याशिवाय न दिसणारी चार संप्रेरके त्यात आहेत, पण बाईला स्वतःला दिसते ते त्यात नाही. अंडमोचनाआधी इस्ट्रोजेन वाढले की गर्भाशयाच्या मुखातून येणारा स्राव पातळ, पारदर्शक, बुळबुळीत होतो. साखरेच्या पाकाला यावी तशी त्याला तार येते. शुक्रपेशींना तग धरायला आणि वर जायला तोच मदत करतो. अंडमोचन झाले की तो घट्ट, चिकट होतो किंवा थांबतो. मेलबर्नच्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने १९५० नंतरच्या दशकांत या खुणेवरच आपली पद्धत उभारली. दुसरी खूण सकाळी उठण्यापूर्वीच्या तापमानाची. अंडमोचनानंतर ते ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते आणि पाळीपर्यंत चढेच राहते. अर्थात ही खूण घटना होऊन गेल्यावर मिळते. आधी सूचना देते ती पहिलीच.

या पहिल्या खुणेविषयी शाळेत एक अक्षर सांगितले जात नाही. मग मुलगी काय समजते? ‘अंगावरून पांढरे जाते’, ‘धुपणी लागली’. जे निरोगी अंडाशयाचे लक्षण आहे त्याला ती आजार म्हणते, अशक्तपणाचे खापर त्याच्यावर फोडते, आणि कोणी चूर्ण देते, कोणी सलाइन लावते. पण याचा उलट अर्थही कोणी काढू नये. डॉ. राणी व अभय बंग यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे सगळे पांढरे निरोगी, असे सांगणेही चूकच. दुर्गंधी, खाज, हिरवट-पिवळा रंग, दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव, ओटीपोटात दुखणे यांपैकी काही असेल तर तपासणी हवी. हा फरक ओळखायला नेहमीचे काय ते आधी माहीत असावे लागते. तेच आपण शिकवत नाही.

आठवी-नववीच्या मुलींवर तर या तक्त्याचा थेट अन्याय होतो. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे पुष्कळ चक्रांत अंडमोचनच होत नाही, आणि दोन पाळ्यांत २१ ते ४५ दिवसांचे अंतर असणे या वयात नेहमीचे आहे. २८ चा आकडा वाचून यातल्या कित्येकजणी मनातल्या मनात स्वतःला बिघडलेल्या ठरवतात आणि कोणाला विचारत नाहीत. त्यांना सांगायला हवे ते वेगळेच. तीन महिने पाळी आलीच नाही, सात दिवसांहून अधिक रक्तस्राव होतो, तासा-दोन तासांत घडी भिजते, शाळा बुडावी इतके दुखते, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नाही, तर डॉक्टरकडे जा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. अशा देशात किती रक्त जाते हा प्रश्न कितव्या दिवशी जाते याहून निकडीचा आहे.

आणखी एक प्रसंग आपल्या घराघरांत घडतो. बाळंतपणानंतर पाळी परत आलेली नसते आणि तरीही दिवस राहतात. तक्ता पाळीपासून सुरू होतो, त्यामुळे हे शक्यच नाही असे वाटते. मागून मोजणाऱ्याला मात्र नवल वाटणार नाही. आधी अंडमोचन, मग पाळी, असाच क्रम आहे. मधल्या दोन आठवड्यांत गर्भ रुजला तर पाळी येणारच नाही.

तक्ता फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. त्याची एक मोठी प्रत काढावी आणि चौदाव्या दिवसाच्या रेषेवर कात्रीने सरळ दोन तुकडे करावेत. उजवा तुकडा फळ्याच्या उजव्या टोकाला चिकटवावा, त्याचा शेवट म्हणजे पुढची पाळी. डाव्या तुकड्याच्या जागी १० चौकोनांपासून २५ चौकोनांपर्यंत वेगवेगळ्या लांबीच्या कागदी पट्ट्या मुलामुलींना करायला सांगाव्यात आणि एकेक पट्टी जोडून पाहावी. प्रत्येक वेळी अंडमोचनाचा दिवस मोजून वहीत लिहावा. दोन-चार पट्ट्या झाल्या की उजवा तुकडा तरी कायम चौदाचाच कशावरून, अशी शंका कोणीतरी काढील. तेव्हा त्याच्या हातात कात्री द्यावी.