दिसते ते आणि कळते ते
(गारगोटी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



मोबाइलवर पाळत ठेवणाऱ्या ॲपबद्दल तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरने काय बोलावे, असे तुम्हाला वाटले असेल. पण ही ॲपे काय विकतात ते बघा. 'मुलाच्या फोनवरचे सर्व काही जाणून घ्या', अशा अर्थाच्या त्यांच्या जाहिराती असतात. म्हणजे ती ज्ञान विकतात असा दावा आहे. 'सर्व' आणि 'जाणणे' हे शब्द तपासणे हा आमचा जुना धंदा; आज तेवढेच करू.

आधी 'सर्व'. व्हॉट्सॲपचा संदेश २०१६पासून वाटेत कुलूपबंद असतो. पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवरच तो उघडतो. मग ॲपला तो कसा दिसतो? ॲप वाटेत उभे राहतच नाही, ते फोनमध्येच ठाण मांडते. कुणीतरी तो फोन हातात घेऊन ते बसवलेले असते. मग ते नोटिफिकेशन वाचते, कीबोर्डवर दाबलेली अक्षरे टिपते, पडद्याचे स्क्रीनशॉट काढते. अँड्रॉइड फोनमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची एक सोय आहे. दृष्टिहीन माणसाला पडदा वाचून दाखवता यावा, अशा कामांसाठी ती केलेली आहे. पुष्कळ ॲपे नेमकी तीच परवानगी घेतात. आंधळ्याची काठी चोराच्या हाती, असे म्हणा. (हशा)

गूगलचे 'फॅमिली लिंक' यापेक्षा वेगळे. त्यात कोणते ॲप किती वेळ वापरले, फोन कुठे आहे, हे पालकाला दिसते. मेसेज दिसत नाहीत. आणि ते लपून बसत नाही, मुलाला ठाऊक असते.

तर चोरटे ॲप काय देते? कुणाशी, किती वाजता, कोणते शब्द, कोणते फोटो. आणि काय देत नाही? मैत्रिणीच्या फोनवर उघडलेले दुसरे इन्स्टाग्राम खाते. वर्गात समोरासमोर झालेले बोलणे. ते वाक्य रागाने लिहिले की थट्टेने, हेही नाही. म्हणजे 'सर्व' गेले.

आता 'जाणणे'. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन वेगळी प्रमाणे मानली. डोंगरावर धूर दिसतो हे प्रत्यक्ष. तिथे आग आहे हे अनुमान. ते खरे ठरायला 'जिथे धूर तिथे आग' ही व्याप्ती पक्की लागते. आता बघा. रात्री बाराला मुलीच्या फोनवर एका मुलाचा मेसेज आला, 'झोपलीस का?' हा धूर. आग कसली? उद्याच्या प्रॅक्टिकलची वही हवी असेल. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख असेल. प्रेमही असेल. की कुणी छळत असेल आणि तिला मदत हवी असेल? ॲप धूर दाखवते, आग बाप आपल्या मनातून आणतो. जो हेतू साध्य नसेल तिथेही आढळतो, त्याला न्यायशास्त्रात सव्यभिचार हेतू म्हणतात. तेव्हा व्यभिचार त्या हेतूत असतो, मुलीत नव्हे, हे बापाने ध्यानात घ्यावे. (हशा)

हसलात ते ठीक. पण यात काय पणाला लागते ते सांगतो. कडगाव-पाटगावकडच्या वाड्यांतून एस.टी.ने गारगोटीला शिकायला येणारी पोरगी घ्या. तिचा फॉर्म, निकाल, वर्गाचा ग्रुप, सगळे त्या फोनवर. घरी एक स्क्रीनशॉट दिसला की तिला कुणी विचारत नाही. आधी फोन जातो, मग कॉलेज, आणि वर्षाच्या आत अक्षता. आमच्या अध्यापनाच्या काळात चिठ्ठी सापडली म्हणून शिक्षण सुटलेल्या मुली आम्ही पाहिल्या. चिठ्ठी निदान एकच असे. ॲप रोज शंभर चिठ्ठ्या आणून देते.

कुणी म्हणेल, खासगीपणा हे शहरी खूळ आहे. पूर्वी पत्रे सोप्यात मोठ्याने वाचली जात. जात होती खरी. म्हणून तर सासरी गेलेली लेक 'इकडे सर्व खुशाल' एवढेच लिही. पत्र सासूसमोर लिहिले जाणार, हे तिला माहीत होते. आईला पत्र मिळे, लेकीची खबर मिळत नसे. पाळतीचे असेच असते. पाहिले जात आहे हे कळले, की माणूस पाहणाऱ्यासाठी लिहू लागतो.

सरकारवरसुद्धा या बाबतीत बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६मध्ये पी.यू.सी.एल. खटल्यात फोन टॅपिंगसाठी नियम घालून दिले: गृहसचिवाचा आदेश हवा, आदेशाला मुदत हवी, समितीने तो तपासायला हवा. घरात मात्र आदेश देणारा, वाचणारा आणि शिक्षा करणारा एकच. शिवाय माहिती आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ साली 'स्पायफोन' या कंपनीला पाळतीच्या धंद्यातून बाहेर काढले. तिने गुपचूप गोळा केलेली माहिती नीट सांभाळलीही नव्हती. मुलीच्या रक्षणासाठी तिचे फोटो परक्याच्या कोठारात ठेवायचे, हे कसले रक्षण?

आई-बापांची भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. फसवणूक होते, फोटोवरून धमक्या येतात. दहा वर्षांच्या लेकराच्या फोनवर लक्ष हवेच. प्रश्न लक्ष ठेवण्याचा नाही, चोरून ठेवण्याचा आहे. ज्या मुलीला आपण चोरून वाचले, ती धमकी आली तर आपल्याकडे येईल का?

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२च्या ऑगस्टमध्ये वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद. याने सगळे प्रश्न सुटतात असे नाही; दीड तासानंतर फोन पुन्हा हातात येतोच. पण नियम सगळ्यांना ऐकू येतो, आणि बापाचाही फोन बंद होतो. पोराला जे लागू ते थोरालाही लागू, ही त्यातली नीती आम्हाला महत्त्वाची वाटते.

तेव्हा ॲप बसवण्याआधी स्वतःला एवढे विचारा: हे मी तिला सांगू शकतो का? सांगता येत असेल, तर आधी सांगा; बहुधा त्या बोलण्यातच हवे ते कळेल. सांगता येत नसेल, तर तुम्ही काय करताय हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे.

बाकी प्रश्नोत्तरांत बोलू. नमस्कार.