हिरवा पडदा आणि गीताचे स्थळ

विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या गीत-चित्रफितींची चर्चा बहुधा कडांपाशी येऊन थांबते. गायिकेच्या केसांभोवती हिरवी झाक राहिली आहे काय, खांद्याची रेषा करवतीच्या दात्यांसारखी दिसते काय, मागील आकाश आणि पुढील चेहरा यांवरचा प्रकाश एकाच दिशेने आलेला वाटतो काय, एवढे प्रश्न विचारून झाले की परीक्षण पुरे झाले असे मानण्याची रीत पडली आहे. हे प्रश्न गैर नव्हेत. परंतु ते शिंप्याचे प्रश्न आहेत. वस्त्र कोणासाठी व कोणत्या प्रसंगासाठी शिवले, हे त्यांत येत नाही. हिरव्या पडद्याचा, म्हणजे चित्रणगृहांतील रूढ शब्दांत सांगावयाचे तर ‘क्रोमा’चा, वाङ्मयीन दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न स्थळाचा आहे. गीत कोठे घडते, आणि ते तेथेच का घडते?

माणूस एका ठिकाणी व पार्श्वभूमी दुसऱ्या ठिकाणी चित्रित करून दोहोंचा संयोग साधण्याची कल्पना जवळजवळ चित्रपटाइतकीच जुनी आहे. झॉर्झ मेलिएसने १८९८ साली काळ्या पार्श्वभूमीच्या आश्रयाने स्वतःचेच मस्तक धडावेगळे करून मेजावर मांडून दाखविले. ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) या रंगीत चित्रपटात लॅरी बटलरने निळ्या पडद्याचा उपयोग केला. ‘बेन-हर’ (१९५९) साठी पेट्रो व्लाहोसने त्या पद्धतीला बरीच सूक्ष्मता आणली. ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) मध्ये सोडियमच्या पिवळ्या प्रकाशावर आधारलेली वेगळीच युक्ती योजिली गेली. निळा रंग प्रथम निवडला गेला तो मानवी त्वचेत त्याचा अंश अल्प असतो म्हणून. पुढे हिरव्याने त्याची जागा घेतली याला यंत्राचे कारण आहे. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या संवेदकावर लाल व निळ्या रंगाच्या प्रत्येकी एका बिंदूमागे हिरव्याचे दोन बिंदू असतात, त्यामुळे हिरव्याची नोंद अधिक तपशिलाने होते. शिवाय हिरवा कपडा उजळविण्यास प्रकाशही कमी लागतो. साधे कॅमेरे व भ्रमणध्वनी मात्र रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या एक-चतुर्थांश तपशिलानेच साठवितात. करवतीच्या दात्यांचे मूळ पुष्कळदा येथे असते, विद्यार्थ्याच्या हलगर्जीपणात नव्हे. परीक्षकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावयास हवे.

येथेच एका आनुषंगिक, पण महाराष्ट्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण गोष्टीचा निर्देश करणे योग्य होईल. हिरवा हा ज्यांच्या मंगल वेशात क्वचित येणारा रंग आहे, त्यांना हा पडदा निर्वेध वाटतो. मराठी नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो; श्रावणातील गीतांत हिरवी साडी, मंगळागौरीची पत्री, दारची तुळस असते. ‘हिरवे ते गाळावे’ ही एकच आज्ञा यंत्राला ठाऊक असल्यामुळे हा चुडा पडद्याबरोबरच नाहीसा होतो आणि मनगटाच्या जागी मागील डोंगर दिसू लागतो. यावर निळा पडदा लावण्याचा सोपा उपाय आहे. परंतु पुष्कळ वेळा उपाय केला जातो तो असा, की बांगड्या लाल घालावयाच्या. म्हणजे तंत्राने वेश ठरविला, आणि वेशाबरोबर गीताचा अर्थही थोडासा सरकला. तंत्र तटस्थ असते असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

मूळ प्रश्नाकडे वळता, संस्कृत काव्यशास्त्रातील एक जुनी विभागणी येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. ज्याच्या ठिकाणी भाव जडतो तो आलंबन विभाव. तो भाव ज्यांमुळे चेतविला जातो ते चांदणे, उपवन, मेघ हे उद्दीपन विभाव. आणि भावाची शरीरावर उमटणारी खूण म्हणजे अनुभाव. काव्यात हे तिन्ही एकाच शब्दसृष्टीत नांदतात. वास्तव स्थळी चित्रण केले असता तेथेही ते एकत्र असतात. वाऱ्याने पदर उडतो आणि पदर सावरणारा हात त्याच वाऱ्याला उत्तर देतो. हिरव्या पडद्याने हे साहचर्य तोडले. अनुभावाचे चित्रण आज, बंद खोलीत, दिव्यांच्या उष्णतेत होते. उद्दीपन मात्र आठ दिवसांनी संगणकावर निवडले जाते. परिणाम असा होतो की बर्फाच्छादित शिखरांपुढे उभी असलेली गायिका किंचितही शहारत नाही, आणि समुद्राकाठी गाणाऱ्याचे डोळे क्षितिजावर न स्थिरावता तीन हातांवरील भिंतीवर स्थिरावलेले असतात. प्रेक्षकाला हे नेमके सांगता येत नाही. ‘काहीतरी खोटे वाटते’ एवढेच तो म्हणतो, आणि परीक्षक त्याचा अर्थ कडा नीट कापल्या नाहीत असा करतात.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षणीय नाही. रंगभूमीवरील नटापुढे तरी समुद्र कोठे असतो? नाट्यशास्त्राने रंगमंचाचे कक्ष्याविभाग कल्पून, केवळ चालण्याने स्थलांतर सुचविण्याची मुभा दिली; तमाशाच्या वगात राजा रंगमंचाला एक फेरी घालतो आणि दुसऱ्या गावी पोहोचतो. स्थळावाचून अभिनय हा आपल्या नाट्यधर्मी परंपरेचा दोष नसून तिचे वैभव आहे. मग हिरव्या पडद्यासच दूषण का द्यावे? या आक्षेपाचे उत्तर प्रेक्षकाच्या स्थितीत आहे. तमाशाच्या प्रेक्षकालाही दुसरे गाव दिसत नाही. नट ज्याची कल्पना करतो त्याचीच कल्पना प्रेक्षक करतो. दोघांचे अज्ञान सारखे, म्हणून दोघांचे कल्पनेतील गावही एक. हिरव्या पडद्याच्या चित्रफितीत ही समानता मोडते. नटाने जे कधी पाहिले नाही ते प्रेक्षकापुढे पूर्ण तपशिलाने मांडले जाते. नटाला ठाऊक नसलेली गोष्ट प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि तेवढ्या प्रमाणात नट हास्यास्पद होतो.

याचा अर्थ दोष स्थळाच्या अभावात नसून क्रमात आहे. चित्रणापूर्वी पार्श्वभूमी निश्चित झालेली असेल, गायकाने ती पाहिलेली असेल, क्षितिजाची उंची कॅमेऱ्याच्या उंचीशी जुळविलेली असेल, तर त्याच खोलीत, त्याच कापडापुढे अनुभाव उत्पन्न होऊ शकतो. विद्यार्थ्यांच्या कामात नेमके याच्या उलट घडते, कारण ‘मागे काय लावावयाचे ते नंतर ठरवू’ ही सवलतच या पडद्याचे मुख्य आकर्षण म्हणून त्यांना सांगितली जाते.

या सवलतीचे आणखी दोन परिणाम आहेत, आणि दोन्ही दिसण्यात साधे आहेत. पहिला, कॅमेरा हलत नाही. तो हलला तर मागील दृश्यही त्याच मानाने, जवळचे अधिक व दूरचे कमी असे, हलले पाहिजे. हा हिशेब कष्टाचा असल्यामुळे कॅमेरा तिकाटण्यावर खिळून ठेविला जातो आणि गायक समोर तोंड करून उभा राहतो. छायाचित्रकाराच्या दुकानात रंगविलेल्या ताजमहालाच्या पडद्यापुढे उभे राहण्याची जी पद्धत होती, तिचेच हे पुनरागमन होय. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे: या चित्रफितींतील माणसांना पाय नसतात. पाय दाखवावयाचे तर ते जमिनीला टेकले पाहिजेत, आणि टेकले तर त्यांची सावली पडली पाहिजे. म्हणून चौकट कमरेवरच कापली जाते. भावगीतात हे खपून जाईल. लावणीत खपत नाही. जिचे अर्धे बोल घुंगरांतून येतात, त्या लावणीला पायांवाचून चित्रित करणे म्हणजे ढोलकी बंद करून ठेका दाखविण्यासारखे आहे.

रंगविलेला पडदा स्वभावतःच हीन होता असे मात्र म्हणता येणार नाही. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी संगीत नाटकांसाठी रंगविलेले पडदे त्या रंगभूमीच्या वैभवाचा भाग होते. बाबूराव पुढे चित्रपटांकडे वळले हाही योगायोग नव्हे. पण ते पडदे नाटकासाठी रंगविलेले असत. आजचा विद्यार्थी पार्श्वभूमी रंगवीत नाही, घेतो. आणि घेताना गीतातील नामांची यादी करतो. शब्द ‘चंद्र’ आला की चंद्र, ‘वाट’ आला की वाट. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध व समतोल अशी लयीची तत्त्वे मांडली. त्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे संवादाची केवळ पुनरुक्ती आहे. विरोधच नसल्यामुळे समतोलाला करण्यासारखे काही उरत नाही. स्वित्झर्लंडच्या कुरणांचा मोह हा त्याचाच दुसरा प्रकार. ‘चांदनी’ (१९८९) सारख्या हिंदी चित्रपटांनी ती कुरणे प्रेमगीताचे माहेर करून टाकली; तेथे निदान नटनटी खरोखर गेले होते. हिरव्या पडद्याने तो प्रवास फुकट केला, आणि फुकटात मिळालेल्या स्थळाला कोणी ‘का?’ असे विचारीत नाही. कोकणातील किंवा मराठवाड्यातील विद्यार्थ्याच्या गीतातून त्याचे अंगण, त्याचा बाजार, त्याची भिंत गळून पडते, ती कोणी काढून टाकली म्हणून नव्हे, तर ती मागे लावण्याजोगी कोणाला वाटली नाही म्हणून.

मग हा पडदा केव्हा सार्थ ठरतो? टॉकिंग हेड्स या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ‘वन्स इन अ लाइफटाइम’ या गीताची चित्रफीत (१९८१) या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. टोनी बेसिल आणि गायक डेव्हिड बर्न यांनी ती अल्प सामग्रीत तयार केली. साधनांच्या बाबतीत ती विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरची नाही. गीताचा आशय असा, की एक सुस्थित मनुष्य एके दिवशी आपल्याच घराकडे व संसाराकडे परक्यासारखा पाहू लागतो आणि येथे आपण कसे येऊन पोहोचलो हे त्याला उमगत नाही. म्हणजे स्थळाशी नाते तुटणे हाच गीताचा विषय आहे. कोट, बो-टाय व चष्मा घातलेला, घामाघूम झालेला बर्न झटके देत, अडखळत, धर्मोपदेशकाच्या आवेशात हातवारे करतो. त्याच्या मागे कधी पाणी असते, कधी त्याच्याच प्रतिमांची रांग असते. त्याचे शरीर मागील दृश्यात मिसळावे असा प्रयत्नच कोठे नाही. उलट ते चिकटविल्यासारखे दिसावे हीच योजना आहे. विद्यार्थ्याच्या चित्रफितीत जो दोष ठरला असता तोच येथे अर्थ झाला.

याहून बारकाईने पाहण्याजोगा भाग पुढेच आहे. मागील चौकटीत निरनिराळ्या समाजांतील उपासनेची व नृत्याची जुनी चित्रणे दिसतात आणि बर्न पुढे तेच हातवारे करतो. बेसिल व बर्न यांनी असली चित्रणे आधी पाहिली, त्यांतून अंगविक्षेप निवडले, आणि मग पडद्यापुढे उभे राहण्याची वेळ आली. पार्श्वभूमी येथे अभिनयाची सजावट नसून त्याचा उगम आहे, आणि प्रेक्षकापुढे दोन्ही एकदमच ठेविली जातात. वर ज्या असमानतेचा उल्लेख केला ती येथे मिटते, कारण नटाने जे पाहिले तेच प्रेक्षकही पाहतो. परक्या समाजांच्या उपासनेला एका नागर गायकाच्या अस्वस्थतेचे साधन करावे काय, हा प्रश्न त्यातून उद्भवतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. पण प्रश्न विचारता येतो याचे कारण उसने घेतलेले उघड दिसते हेच आहे. स्वित्झर्लंडच्या कुरणाबद्दल असा प्रश्नही सुचत नाही.

याच्याही आधी, १९७३ मध्ये, पीटर कॅम्पसने बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच दूरचित्रवाणी केंद्रात ‘थ्री ट्रान्झिशन्स’ ही सुमारे पाच मिनिटांची चित्रफीत केली होती. तिच्या दुसऱ्या भागात तो आपल्या चेहऱ्यावर बोटांनी रंग फासतो, आणि रंग लागेल तेथे त्वचेखालून त्याचाच दुसरा चेहरा उघडा पडतो. पडदा मागे नाही, कातडीवर आहे. येथे गाणे नाही, म्हणून गीत-चित्रफितीच्या अभ्यासक्रमात ही कृती सहसा येत नाही. ती यावयास हवी. ‘मागे काय लावावे’ या प्रश्नाने बांधलेल्या विद्यार्थ्याला, रंग नेमका कोठे असावा हाही निवडीचा भाग आहे, हे तिच्याइतके थोडक्यात दुसरे काही शिकवीत नाही.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांना याची जाण होती असे मानण्यास आधार आहे. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये चमत्काराची दृश्ये येण्यापूर्वी त्यांनी आपल्या लहान मुलीचा, मंदाकिनीचा, मुखाभिनय प्रेक्षकांपुढे मांडला. आधी मुलगी पाहा, मग कृष्ण पाहा, असा तो क्रम आहे. युक्ती उघड करूनही भक्तिभावाला बाध आला नाही.

अशा कृतींचे मूल्यमापन करणाऱ्या विभागांपुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. परीक्षेसाठी सादर होते ती संयोग झालेली अंतिम चित्रफीत. हिरव्या पडद्यापुढचे मूळ चित्रण जागा अडविते म्हणून पुसून टाकले जाते. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत ज्या विभागांनी हयात घालविली, त्यांनी तरी ही पहिली प्रत राखण्याचा आग्रह धरावा. त्या चित्रणात मागे काहीच नसते. गायकाची नजर कोठे होती, हात कोणत्या शब्दावर उठला, कोणी कडेला उभे राहून त्याला ‘तिकडे समुद्र आहे’ असे सांगत होते काय, हे सर्व तेथे दिसते. आणि ते पाहिल्यावाचून गुण कशाला दिले, हे परीक्षकालाही सांगता येणार नाही.