उपनगरांतील मैलापाणी आणि फॉस्फरसचा प्रश्न : एक चिकित्सा

मैलापाण्यातील फॉस्फरस जीवाणूंकरवी काढून घेण्याच्या पद्धतीसंबंधी आपल्याकडे चर्चा निघाली, म्हणजे दोन विधाने हटकून कानी पडतात. पहिले असे की, ही थंड देशांची पद्धती असून मुंबईसारख्या उष्ण हवेत ती टिकावयाची नाही. दुसरे असे की, उपनगरांचे पाणी अखेर खाडीस आणि समुद्रास मिळत असल्याने फॉस्फरसची चिंता येथे करण्याचे कारण नाही. दोन्ही विधानांत सत्याचा अंश आहे. तथापि ती जशीच्या तशी स्वीकारल्यास निघणारा निष्कर्ष चुकीचा ठरतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिल्या विधानाचा विचार करताना थोडे इतिहासाकडे वळले पाहिजे. सक्रियित गाळ आपल्या वाढीच्या गरजेपलीकडे फॉस्फरस शोषून घेतो, याच्या ज्या अगदी आरंभीच्या नोंदी शास्त्रीय वाङ्मयात उद्धृत केल्या जातात, त्यांतील एक बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीनाथ, शास्त्री व पिल्लै यांची असून ती १९५९ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९६५ मध्ये लेव्हिन व शापिरो यांनी हे ग्रहण जैविक असल्याचे प्रतिपादन केले. १९७० मध्ये मेनार व जेंकिन्स यांनी, यात कॅल्शियम फॉस्फेटचे रासायनिक अवक्षेपणच मुख्य असावे, असा आक्षेप घेतला. या वादातून वाट काढून पद्धतीस अभियांत्रिकी रूप देण्याचे श्रेय मुख्यतः बार्नार्ड यांच्या १९७० नंतरच्या दशकातील कामाकडे जाते, आणि ते काम दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे झाले. बंगलोर काय किंवा प्रिटोरिया काय, यांपैकी एकही हिमप्रदेशात नाही. तेव्हा ‘थंड देशांची पद्धती’ हे वर्णन इतिहासास धरून नाही.

पद्धतीचे मर्म थोडक्यात असे. परत फिरविलेला गाळ आणि ताजे मैलापाणी प्रथम प्राणवायू व नायट्रेट या दोहोंच्या अभावी एकत्र ठेवले जाते. या अवस्थेत विशिष्ट जीवाणू ॲसिटिक आम्लासारखी अल्पशृंखल मेदाम्ले पेशीत साठवितात आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा पेशीतील पॉलिफॉस्फेट तोडून मिळवितात. साहजिकच फॉस्फेट पाण्यात उतरते. पुढील टाकीत हवा मिळताच साठविलेले अन्न जाळून ते, सोडले त्याहून अधिक फॉस्फेट परत उचलतात. सर्वसाधारण गाळाच्या शुष्क वजनात फॉस्फरस दीड ते अडीच टक्के असतो. या पद्धतीत तो पाच-सात टक्क्यांपर्यंत चढतो. हा समृद्ध गाळ नियमितपणे बाहेर काढला, म्हणजे पाणी फॉस्फरसमुक्त होते. गाळ काढला नाही, तर काहीच साधत नाही.

उष्णतेचा आक्षेप येतो तो येथे. त्याच मेदाम्लांवर जगणारे, परंतु फॉस्फेट न साठविता ग्लायकोजेन साठविणारे प्रतिस्पर्धी जीवाणू वीस-पंचवीस अंशांपलीकडे वरचढ ठरतात, असे प्रयोगशाळांतून वारंवार दिसून आले. ही निरीक्षणे खोटी नव्हेत. परंतु त्यांतील पुष्कळशी कृत्रिम मैलापाण्यावर, एकाच अन्नद्रव्यावर पोसलेल्या लहान पात्रांत झालेली आहेत. सिंगापूर येथील प्रत्यक्ष केंद्रांत सुमारे ३० अंश तापमानातही ही क्रिया चालू असल्याचे आढळून आल्यानंतर प्रयोगपात्रातील निष्कर्ष सबंध उष्णकटिबंधास लावणे उचित नाही. मुंबईपुरती खरी अडचण निराळी आहे. उष्ण हवेत नायट्रीकरण सहज होते, तो नायट्रेट परतीच्या गाळाबरोबर पहिल्या टाकीत येतो आणि मेदाम्ले फुकट जातात. पावसाळ्यात मैलापाणी पातळ होऊन मेदाम्लांचे प्रमाण आणखी घटते. आराखड्याने उत्तर द्यावयाचे ते या दोन अडचणींना. तापमान हे सबब म्हणून पुढे करणे सोपे असते, इतकेच.

आता उपनगरांकडे वळू. घाटकोपर, भांडुप व वर्सोवा येथे जी व्यवस्था उभी राहिली ती वायुमिश्रित तलावांची. त्यांत गाळ परत फिरविला जात नाही व हवाविरहित टप्पाही नसतो. म्हणून जैविक फॉस्फरस-निर्मूलनाची अपेक्षा त्यांच्याकडून करणेच गैर. मालाडची व्यवस्था तर प्राथमिक स्वरूपाचीच राहिली. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतील सात नव्या केंद्रांची पायाभरणी झाली; त्यांत मालाड ४५४, घाटकोपर ३३७, भांडुप २१५ आणि वर्सोवा १८० दशलक्ष लिटर प्रतिदिन, म्हणजे या चार केंद्रांची मिळून ११८६ दशलक्ष लिटर क्षमता योजिली आहे. मैलापाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम फॉस्फरस गृहीत धरला, तर रोजचा भार सुमारे ५.९ टन होतो. तो लिटरमागे १ मिलिग्रॅमवर आणल्यास सुमारे १.२ टन उरतो. प्रश्नाचा आवाका यावरून कळावा.

दुसरे विधान निकषांच्या आधाराने केले जाते. ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत फॉस्फरससाठी मर्यादाच नव्हती. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जे कडक निकष स्वीकारले त्यांत लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा आली. पण ती तळी व तलाव यांत सोडावयाच्या पाण्यापुरती. या भेदाला शास्त्रीय आधार आहे. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा फॉस्फरसच्या उपलब्धतेने आवरली जाते. शिंडलर यांच्या कॅनडातील सरोवर-प्रयोगांनी १९७० नंतरच्या दशकात हे स्पष्ट केले. समुद्राच्या पाण्यात हे स्थान बहुधा नायट्रोजनकडे असते. परंतु ठाण्याची खाडी म्हणजे खुला समुद्र नव्हे. ती वरच्या अंगास अरुंद व उथळ आहे आणि पावसाळ्यात तिचे पाणी गोडसर होते. तिचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये रामसर यादीत आला. लहान रोहित पक्षी सूक्ष्म शेवाळावर जगतो. म्हणजे ज्या पोषकद्रव्यांना आपण प्रदूषण म्हणतो, त्यांच्याशी या पक्ष्याच्या अन्नाचा संबंध पोहोचतो. यावरून मैलापाणी तसेच वाहू द्यावे असा अर्थ कोणी काढू नये. परंतु भांडुप व घाटकोपरची केंद्रे चालू होण्यापूर्वीची आणि नंतरची खाडी मोजून ठेवणे हे कर्तव्य ठरते. ‘खाडी आहे, चिंता नाही’ असे म्हणणाऱ्याने ही मोजणी प्रथम पुढे ठेवावी.

शिवाय उपनगरांत खाडीच आहे असे नाही. १८९१ साली बांधलेल्या पवई तलावाचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले, भोवतालच्या वस्त्यांचे मैलापाणी त्यात उतरत राहिले, आणि जलपर्णी काढली तरी पुन्हा पसरत राहिली. निकषातील १ मिलिग्रॅमची अट ज्यांच्यासाठी लिहिली ती जागा ही. मात्र येथेही तारतम्य हवे. येणारे पाणी शुद्ध केले वा अन्यत्र वळविले, तरी वर्षानुवर्षे तळाशी बसलेला गाळ प्राणवायूच्या अभावी फॉस्फेट सोडीत राहतो. तेव्हा केवळ नवीन केंद्र बांधून तलाव सुधारेल, हे आश्वासन अपुरे आहे.

शेवटी, फॉस्फरस नाहीसा होत नाही. तो पाण्यातून गाळात जातो. तो गाळ हवाविरहित पाचकात गेला, की पॉलिफॉस्फेट फुटून फॉस्फेट द्रवात उतरते व तो द्रव केंद्राच्या मुखाशी परत येतो. म्हणून ज्या आराखड्यात गाळाची वाट सांगितलेली नाही, तो आराखडा फॉस्फरसच्या बाबतीत अपुरा समजावा. पवईस कठोर मर्यादा, खाडीस मोजणीवर आधारलेली मर्यादा आणि दोहोंकडे गाळाचा पूर्ण हिशेब, या क्रमाने विचार झाला, तरच बंगलोरहून १९५९ साली निघालेल्या त्या निरीक्षणाचा उपयोग आपल्या पाण्यास होईल.