चिमणी उरली, हिस्सा कुठे गेला?

जुन्या कारखान्यांच्या पुनर्विकासावर बोलायचं म्हटलं की आपली चर्चा लगेच इमारतीवर येते. विटा जपल्या का, चिमणी ठेवली का? हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण तेवढ्यानं भागत नाही. आजच्या व्याख्यानात आम्हाला एवढंच मांडायचं आहे.

सुरुवात बर्लिनपासून करू, कारण इमारत जपण्याचं काम तिथे खरोखर चांगलं झालंय. प्रेन्झलाउअर बेर्ग भागात शुल्टहाइस कंपनीचा बिअरचा कारखाना होता. फ्रान्त्स श्वेख्टन या वास्तुकारानं १९व्या शतकात बांधलेला, विटांचा, किल्ल्यासारखा. १९६७ मध्ये उत्पादन थांबलं, १९७४ मध्ये वास्तूला संरक्षण मिळालं. आज तिचं नाव 'कुल्टुअरब्राउअराय'. अंगणं शाबूत आहेत. आत सिनेमागृह आहे, पूर्व जर्मनीतल्या रोजच्या जगण्यावरचं संग्रहालय आहे आणि त्याला तिकीट नाही. पण भिंत पडल्यानंतरच्या काळात त्या भागातले जुने भाडेकरू मोठ्या संख्येनं बाहेर गेले. हे या एका प्रकल्पामुळे झालं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण विटा जपल्यानं ते थांबलं नाही, एवढं नक्की.

आता आपल्या गिरणगावाकडे या. मुंबईत ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर जमीन. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या थंडावल्या आणि जमिनीला भाव आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. त्याचा ढोबळ अर्थ असा, की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला.

२००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी आता सगळ्या जमिनीची नाही, फक्त 'मोकळ्या' जमिनीची. म्हणजे ज्या जागेवर शेड उभी होती ती हिशेबातून वगळली. आणि गिरणीत शेडच जास्त असतात ना! सूतखातं, विणाईखातं, गोदामं... मोकळं उरतं ते आवार.

यातली गंमत बघा, म्हणजे खरं तर गंमत नाही ही. शेड पाडली तरी तिचं बांधीव क्षेत्रफळ मालकाच्या हक्कात जिवंत राहिलं. जुनी इमारत प्रत्यक्षात गेली आणि कागदावर टिकली. याला जतन म्हणायचं तर ते कुणाच्या फायद्याचं?

दुसरी बाजूही ऐकायला हवी. १९९१ नंतर फारसे मालक पुढेच आले नव्हते; जमीन अडकून पडली होती, कामगारांची देणी थकली होती. जमीन विकल्याशिवाय पैसा येणार कुठून, हा युक्तिवाद पोकळ नव्हता. म्हाडाच्या वाट्यात गिरणी कामगारांच्या घरांची तरतूदही त्याच दुरुस्तीनं आणली. पण वाटाच आक्रसला, तर त्यातून किती घरं निघणार? २००५ मध्ये उच्च न्यायालयानं सार्वजनिक वाट्याच्या बाजूनं निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २००१ ची दुरुस्ती वैध ठरवली.

परिणाम समोर आहे. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं होती. अर्ज करणारे कामगार आणि वारस दीड लाखांच्या वर. मग त्यांना शेलू, वांगणीकडची घरं सुचवली गेली. ज्यांची चाळ गिरणीच्या भोंग्याच्या टापूत होती, त्यांना कल्याणच्याही पलीकडे जायला सांगायचं!

लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या मॉलमध्ये जुनी चिमणी आजही उभी आहे. लोक तिच्यासोबत फोटो काढतात. ती पाडायला हवी होती, असं आम्ही म्हणणार नाही. उलट ती उरली हे बरंच झालं. आमची तक्रार समीक्षेबद्दल आहे. आपण चिमणी पाहून पुनर्विकासाला गुण देतो आणि नियमातला 'मोकळी' हा शब्द वाचायला विसरतो. शहराच्या वास्तूचा खरा आराखडा पुष्कळदा वास्तुकाराच्या कागदावर नसतो, राजपत्रातल्या अशा एखाद्या शब्दात असतो. तोही समीक्षेचा विषय आहे, आणि तो वेळेवर वाचावा लागतो. निकाल लागल्यावर वाचून उपयोग नाही.

मुंबईत पुढचा प्रश्न पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनीचा आहे. तिथेही जुनी गोदामं आहेत, त्यांची सुंदर चित्रं आपल्याला दाखवली जातील. ती जरूर पाहू. पण त्याआधी एवढं विचारू : वाटणी कशाची होणार, सगळ्या जमिनीची की उरलेल्या जमिनीची?