इमाम अलीची दाढी

वाशीमच्या आमच्या वाचनालयात एस. एम. जोशींच्या ‘मी एस्. एम्.’ (१९८४) या आत्मकथेची प्रत आहे. बेचाळीसची पाने हाताळून मळलेली, निवडणुकांची जवळजवळ कोरी. वाचकाला हवा असतो इमाम अली. जुन्नरला जन्मलेला ब्राह्मण दाढी वाढवून मुसलमानी वेषात वावरतो, ऐन महायुद्धात सरकारला चकवतो, १९४३ मध्ये पकडला जातो. ही गोष्ट आपण वेषांतराची गंमत म्हणूनच सांगत आलो. मला ते खटकते.

‘भूमिगत’ हा आपल्या समीक्षेचा फार सोयीचा शब्द. परक्यांना आपण हेर, प्रचारक म्हणतो. आपल्यांची खोटी नावे, चोरून वाटलेली पत्रके, जागा बदलत बोलणारा आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडला गेलेला काँग्रेस रेडिओ, सारे या एका शब्दात सोवळे होते.

प्रतिसरकारचे नाना पाटील १९५७ मध्ये लोकसभेत गेले. एस. एम. संयुक्त महाराष्ट्र समितीचे नेते, १९६७ मध्ये पुण्याचे खासदार. त्यांची ख्याती नितळपणाची, आणि ती खरीच होती (त्यांच्या विरोधकांनीही ती नाकारली नाही). म्हणूनच त्यांच्या बाबतीत हा प्रश्न टोचतो: सत्याग्रही माणसाने महिनोन्‌महिने खोट्या नावाने जगावे, त्याला आसरा देणाऱ्या घरांनी तुरुंगाची जोखीम घ्यावी, याची नैतिक किंमत कोणी मोजली? दाढीच्या कौतुकात आपण तरी ती मोजलेली नाही.