शर्यत संपल्यावरचा घोडा

गॅरी रॉस यांच्या ‘सीबिस्किट’ (२००३) या चित्रपटात सुरुवातीच्या भागात एक छोटा प्रसंग आहे. पाय जायबंदी झालेल्या एका घोड्याला गोळी घालायची वेळ आलेली असते. प्रशिक्षक टॉम स्मिथ त्याला वाचवतो. हा घोडा पुन्हा शर्यतीत धावणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी त्याच्या लेखी तो जीव निकामी नाही.

चित्रपटाचं सगळं नैतिक बळ या प्रसंगात आहे. माझी तक्रारही इथूनच सुरू होते. कारण पुढची गोष्ट त्या घोड्याची होत नाही. ती होते जखमी होऊनही पुन्हा जिंकणाऱ्या सीबिस्किटची. १९४० सालच्या सांता अनिता हँडिकॅप शर्यतीबरोबर चित्रपटही संपतो. म्हणजे घोडा जिंकला म्हणून दया सार्थकी लागली. तो हरला असता तर?

खरा सीबिस्किट नशीबवान होता. मालक चार्ल्स हॉवर्ड यांच्या कॅलिफोर्नियातल्या रँचवर तो १९४७ मध्ये मरेपर्यंत राहिला. लॉरा हिलेनब्रँड यांच्या मूळ पुस्तकात ही निवृत्तीही येते. चित्रपटाला तिची गरज वाटली नाही.

चित्रपट अमेरिकेत लागला जुलै २००३ मध्ये. त्याच सुमारास फर्डिनंडची बातमी आली. १९८६ ची केंटकी डर्बी जिंकलेला, १९८७ मध्ये अमेरिकेत वर्षातला सर्वोत्तम ठरलेला हा घोडा पैदाशीसाठी जपानला विकला गेला होता. तिथे त्याची मागणी आटली आणि २००२ मध्ये, बहुधा कत्तलखान्यात, त्याचा शेवट झाला. जिंकणंसुद्धा त्याच्या कामी आलं नाही.

घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. शर्यतीतली कारकीर्द बहुतेकांची पाच-सहा वर्षांचे होईतो आटोपते. पडद्यावर आपण टाळ्या वाजवतो त्या एवढ्याशा तुकड्याला. उरलेल्या वीस वर्षांचा चारा, नालबंदी आणि औषधपाणी कोण करणार, हा प्रश्न अंतिम रेषेपलीकडे सुरू होतो आणि तिथे कॅमेरा नसतो.

मायकेल ब्लोवेन हे ‘बोस्टन ग्लोब’चे माजी चित्रपट समीक्षक. त्यांनी २००३ मध्येच केंटकीत ‘ओल्ड फ्रेंड्स’ ही निवृत्त घोड्यांना सांभाळणारी संस्था सुरू केली. १९९७ चा डर्बी विजेता सिल्व्हर चार्म २०१४ मध्ये जपानहून तिथे परत आला. त्या कुरणात सिनेमाच्या हिशेबानं काहीच घडत नाही. म्हातारे घोडे चरतात, लोक येऊन त्यांना बघतात. ‘सीबिस्किट’नं यातली दोन मिनिटं जरी दाखवली असती, तर टॉम स्मिथचा तो पहिला प्रसंग खरा वाटला असता.