रंगो बापूजींची वकिली

रंगो बापूजी गुप्ते यांचें नांव निघालें कीं आपल्याकडे स्वामिनिष्ठेचा गौरव सुरू होतो. प्रबोधनकार ठाकरे यांच्या ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ (१९४८) या ग्रंथानें तर हें चित्र मोठ्या आवेशानें रंगविलें आहे. विस्मृतींत गेलेला पुरुष उजेडांत आणल्याबद्दल ग्रंथकारांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु सेवकाची निष्ठा वर्णितांना वकिलाचें काम झांकलें जातें, आणि तेंच खरें पारखून पाहण्याजोगें आहे.

पेशवाई बुडाल्यावर २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें कंपनी सरकारनें साताऱ्याचें नवें राज्य उभें केलें. मुलूख छत्रपतींस व त्यांच्या वारसांस निरंतरचा दिला. पण कारभार रेसिडेंटाच्या सल्ल्याशीं बांधला आणि परराज्यांशीं परस्पर व्यवहार करण्यास मनाई केली. ही मनाई मोडून गोव्याच्या पोर्तुगीजांशीं संधान बांधल्याचा आरोप पुढें प्रतापसिंहांवर आला. अपराधाच्या कबुलीवर सही करण्याचें त्यांनीं नाकारलें व १८३९ सालीं ते पदच्युत झाले. म्हणून रंगो बापूजींनीं विलायतेंत मागितली ती दया नव्हे, निःपक्षपाती चौकशी.

सुमारें चौदा वर्षें त्यांनीं लंडनांत हा वाद चालविला. जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्प्सन यांसारखे इंग्रज त्यांच्या बाजूनें बोलले. तरी यश आलें नाहीं. याचें कारण शोधतांना दुसऱ्या एका नव्या राज्याची आठवण होते. त्याच काळीं बेल्जमचे वकील व्हान द वायर हेही लंडनांतच होते. १८३० सालीं तेथें भरलेल्या परिषदेंत बेल्जमचें स्वातंत्र्य मान्य झालें, कारण पांच बड्या सत्ता एकमेकींवर नजर ठेवून होत्या. साताऱ्याच्या वकिलास अशी दुसरी सत्ता गांठणें तहानेंच निषिद्ध होतें. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच दारीं न्याय मागावयाचा, असा हा प्रसंग होता.

१८४८ सालीं प्रतापसिंहांचे बंधु शहाजी वारले, तेव्हां डलहौसीनें दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलें. या निर्णयास मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं तहाच्याच आधारें विरोध केला होता. अर्थात् तहाचा शब्द कंपनीवरही बंधनकारक आहे, हा मुद्दा केवळ भाबड्या सेवकाचा नव्हता.

१८५७ सालीं साताऱ्याच्या कटांत रंगो बापूजींचा पुत्र सीताराम फांसावर गेला व ते स्वतः कायमचे अदृश्य झाले. हा शेवट हृदयद्रावक आहे खरा. परंतु पुढील चरित्रकारानें त्या शेवटाइतकेंच लक्ष त्यांच्या युक्तिवादाकडे व तहाच्या कलमांकडे द्यावें. त्यांत त्यांची योग्यता कमी न ठरतां अधिकच ठरेल.

मांडवी, रत्नागिरी